आधी ट्रेलरखाली वाक

पत्र : काका, नमस्कार. मी उचगाव भागातला, वय २८, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी गोव्यात आठवडाभर शिडाची बोट चालवायला शिकलो, तेव्हापासून ती डोक्यातून जाईना झालीय. आता गोव्यात एक १९ फुटी फायबरची बोट विकायला आहे. आत दोघं झोपतील एवढी केबिन, वर-खाली होणारी कील (बोटीच्या पोटाखालचं जड पातं), दोन शिडं, मागं लटकवायचं जुनं आउटबोर्ड इंजिन आणि ट्रेलर. मालक ४ लाख २० हजार म्हणतो. मित्राच्या बोलेरोनं ओढून आणायची, हिडकल धरणाच्या पाण्यात चालवायची, सुट्टीत वेंगुर्ल्याला न्यायची, असा बेत आहे. फोटोत बोट एकदम चकाचक दिसते. बाबा गेली वीस वर्षं ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस ओढतात. ते म्हणतात, "बेळगावात समुद्र कुठाय रे? त्यापेक्षा दुसरी ट्रॉली घे." येत्या रविवारी बोट बघायला चाललोय. मालक म्हणतो दुसरं गिऱ्हाईक आहे, टोकन पाठव. आयुष्यात पहिल्यांदाच बोट घेतोय. काय काय बघू?

उत्तर : टोकन पाठवू नकोस. न बघितलेल्या बोटीला एक रुपयाही द्यायचा नाही. दुसरं गिऱ्हाईक खरोखर असेल आणि त्यानं रविवारच्या आत बोट नेली, तर नेऊ दे. जुन्या बोटी विकायला येतच राहतात.

आता बाबांचा प्रश्न. बेळगावात समुद्र नाही हे खरंच आहे, पण आपल्या जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध अगदीच नाही असंही नाही. म्हादेई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि पुढं गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. तिच्याच नावाची शिडाची बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. हे बाबांना जरूर सांग. पण त्यांच्या प्रश्नात एक फार कामाची गोष्ट दडली आहे. समुद्र इथं नाही, म्हणजे तुझी बोट वर्षातले बहुतेक दिवस चाकांवर उभी राहणार, आणि पाण्यावर जाण्याआधी दर वेळी रस्त्यावरून जाणार. मालवणच्या माणसाला ट्रेलर ही अडचणीची वस्तू वाटेल. तुझ्यासाठी ती निम्मी बोट आहे. म्हणून रविवारी तिथं पोचलास की आधी केबिनमध्ये चढू नकोस. आधी ट्रेलरखाली वाक.

अंगावर जुने कपडे घाल. चांगली बॅटरी, भिंग, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, सुती फडकं, जॅक आणि एक बादली बरोबर घे. चाक जॅकवर उचल आणि हातानं फिरव. खरखर आवाज आला किंवा चाक आडवं हललं तर बेअरिंग गेलंय. खाऱ्या पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरचं हे नेहमीचं दुखणं. लांबून ओढत आणला की हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापलेला असतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढरट होतं, महिन्याभरात गंज धरतो. मी पहिली बोट आणली तेव्हा चोर्ला घाटाच्या चढाला डाव्या चाकातून धूर निघाला. उतरून बघतो तर बेअरिंग जाम होऊन हब लाल झालेला. पाऊस, धुकं आणि मागं ट्रकांची रांग. त्या रात्री कणकुंबीच्या एका गॅरेजवाल्यानं मदत केली म्हणून घरी पोचलो. तेव्हा बेअरिंग, सील, ग्रीस यांचा नवा सेट लावल्याशिवाय ट्रेलर गोव्यातून हलवू नकोस, मालक काहीही सांगू दे.

टायरची नुसती नक्षी बघून भुलू नकोस. बाजूला चार आकडी तारीख असते. २३१७ लिहिलं असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. बोटीचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या उन्हानं तडकतात. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर नव्या टायरचे पैसे किमतीतून वजा करायचे. मग सांगाडा. बोट ज्या लाकडी पट्ट्यांवर बसते त्यांच्या खालची बाजू, स्प्रिंगपाट्यांची टोकं, पुढच्या दांड्याचं वेल्डिंग. चौकोनी पाइप बाहेरून रंगवलेला असतो आणि आतून गळून गेलेला असतो. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ, ठोकून बघ.

आणि एक गोष्ट, जी आपल्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला सांगावीच लागत नाही : वजनकाटा. सौद्याआधी ट्रेलरसकट बोट काट्यावर घाल. साखळी-डिचोलीकडं खनिजाच्या ट्रकांचे काटे आहेत, गोव्यात दुसरीकडंही मिळतील. या मापाची बोट साधारण सातशे ते नऊशे किलोची असते आणि ट्रेलर वेगळा. बनवणाऱ्यानं दिलेलं बोटीचं आणि ट्रेलरचं वजन मालकाकडून किंवा कागदातून काढ. काटा त्या दोन्हींच्या बेरजेहून दीडशे-दोनशे किलो जास्त दाखवत असेल आणि आत सामान नसेल, तर ते वजन बहुधा पाण्याचं आहे, बोटीच्या अंगात मुरलेल्या पाण्याचं. बोलेरो किती ओढू शकते ते तिच्या माहितीपुस्तकात बघ आणि आकड्याशी आकडा लावून बघ. पुढच्या हुकावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार यायला हवा. कमी आला तर उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डोलतो आणि गाडीलाच फिरवतो. हे बाबांना विचार, ते एका वाक्यात सांगतील.

आता बोट. इथं मी तुला एकच कसोटी देतो आणि ती रविवारी मनातून सुटू देऊ नकोस. दोष दिसला की स्वतःला विचार, हे उद्यमबागेत दुरुस्त होईल का? बेअरिंग, पिन, कडी, विंच (तार-दोर गुंडाळून ओढायचा रहाट), नटबोल्ट, सुकाणूच्या बिजागऱ्या, हे सगळं तिथं होतं आणि बरंचसं तू स्वतः करशील. असे दोष किंमत खाली आणायला वापर. पण जे तिथं होत नाही, म्हणजे फायबरच्या पोटात कुजलेला गाभा, वाकलेली डोलकाठी, कीलभोवती फाटलेलं अंग, ते दिसलं तर चहा घेऊन परत ये. किंमत निम्मी केली तरी परत ये.

गाभ्याचं जरा समजून घे. अनेक बोटींचा डेक, म्हणजे वरचा चालायचा भाग, नुसत्या फायबरचा नसतो. वर फायबर, खाली फायबर आणि मध्ये हलकं लाकूड. ही रचना वाईट नाही. म्हादेईचा हल, म्हणजे बोटीचं मुख्य अंगसुद्धा लाकडी गाभ्यावर फायबर चढवून केलेला आहे आणि तो जगभर फिरला. घात होतो तो डेकला पाडलेल्या भोकांतून. रेलिंगचा एखादा बोल्ट सैल झाला, त्याखालचा सीलंट वाळला, की पावसाचं पाणी थेंबाथेंबानं मधल्या लाकडात जातं आणि बाहेर यायला वाट नसते. लाकूड आत चिखल होतं, वरून मात्र बोट चकचकीत. माझी ती पहिली बोट अशीच होती. नवा पांढरा रंग बघून मी घेतली. विकणाऱ्याला माहीत होतं, त्यानं सांगितलं नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर डोलकाठीच्या बुडाजवळचा डेक पायाखाली दबला. पुढचे दोन हिवाळे मी तो कापून, कुजका भाग खरवडून, नवा गाभा घालत बसलो. शिडं त्या दोन वर्षांत उलगडलीच नाहीत. ताजा रंग दिसला तर आनंदू नकोस, रंग का मारला ते विचार.

तपासायचं असं. अनवाणी डेकवर चाल, वजन टाचेवर घेऊन. कुठं डेक गादीसारखा दबला किंवा कुरकुरला तर तिथं थांब. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वीतभर अंतरावर हलकं ठोकत जा. चांगला भाग टणक आणि खणखणीत बोलतो, ओला भाग भद्द आवाज देतो. नारळ पारखायचा आपला कान इथं उपयोगी पडतो. डोलकाठीच्या बुडाशी, रेलिंगच्या पायांशी, खिडक्यांच्या कडेला आणि विंचखाली जास्त वेळ दे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा एका बिंदूपासून पसरलेल्या असतील तर तिथं कधीतरी जोरात ताण किंवा मार बसलाय. नुसत्या वरच्या थराच्या भेगा चालतात. पण त्याच जागी आवाजही बदलला तर नाही. मग मालकाला सांगून डेकवर आठ-दहा बादल्या पाणी ओत आणि आत जाऊन बॅटरी मारत बस. पाणी कुठून झिरपतं ते तुझ्या डोळ्यांनी दिसेल. गाद्या उचल, लाकडी आडभिंतींच्या खालच्या कडा बोटानं दाब, आणि केबिनचा दरवाजा उघडल्या उघडल्या पहिला श्वास लक्षात ठेव. कुबट वास रंगानं झाकत नाही.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या पट्ट्या डेकमधून आत जातात. तिथं आतल्या बाजूनं तांबूस ओघळ दिसला तर साधी गोष्ट समजू नकोस. स्टेनलेस स्टीलला हवा लागते म्हणून ते टिकतं. ओल्या बंद फटीत हवा मिळाली नाही की ते खड्डे पडून आतून खाल्लं जातं, बाहेरचा भाग मात्र चमकत असतो. पट्टी उद्यमबागेत नवी होईल. पण करशील तेव्हा ३०४ प्रतीचं स्टेनलेस नको, ३१६ प्रतीचं घे. खाऱ्या पाण्याला तेच टिकतं. पट्टीभोवतीची आडभिंत मऊ असेल तर मात्र परत ये.

तारा एकोणीस पेडांच्या असतात. सुती फडकं तारेभोवती धरून खालून वर ओढ. धागा अडकला तर पेड तुटलाय. जिथं तार स्टेनलेसच्या टोकात दाबून बसवलेली असते तिथं भिंगानं बघ, उभी बारीक चीर दिसते का. एक पेड तुटलेला असेल तर सगळ्याच तारा बदलायच्या, जोडी-जोडीनं नाही. आणि मालकाला शेवटच्या कधी बदलल्या ते आठवत नसेल तरी बदलायच्याच. डोलकाठी आडवी ठेवून एका टोकाकडून एक डोळा मिटून बघ, सळी पारखतोस तशी. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे रिव्हेट जिथं मारलेत तिथं पांढरी भुकटी साचली असेल तर तिथला धातू खाल्ला जातोय.

कीलवर मी थोडा वेळ घालवणार आहे, कारण हिडकलसाठी वर-खाली होणारी कील हीच योग्य निवड आहे आणि त्याच कीलमध्ये सगळ्यात मोठा धोका आहे. हिडकलचं पाणी सप्टेंबरात काठोकाठ असतं आणि उन्हाळ्यात इतकं उतरतं की हुन्नूरचं पाण्याखाली गेलेलं विठ्ठल मंदिर पुन्हा बाहेर येतं. जिथं दिवाळीला बोट तरंगली तिथं मे महिन्यात गाळ आणि खडक असतात. खोल बसलेली पक्की कील तिथं अडकेल, उचलता येणारी सुटेल. पण ही कील म्हणजे दोनेकशे किलोचं बीड एका पिनेवर लोंबकळतंय आणि एका विंचच्या तारेनं धरलेलं आहे. बोट उचलून, खाली भक्कम ठोकळे लावून, बाजूला उभा राहून कीलचं खालचं टोक डावी-उजवीकडं हलव. अंगाखाली कधीच जाऊ नकोस, हात घालायचा तरी ठोकळ्यांवर भार असतानाच. थोडी हलणारच. धाडधाड आपटत असेल तर पिन झिजली आहे. पिन तू एका शिफ्टमध्ये लेथवर काढशील, त्याची काळजी नाही. पिन ज्यात बसते ते भोक लांबट झालंय का, भोवतीच्या फायबरला चिरा आहेत का, कीलच्या पेटीच्या कडेनं आत पाणी येतं का, हे बघ. तिथं मन घट्ट कर. विंचची तार मात्र बिनधास्त नवी घालायची.

सुकाणू दाबून बघ, त्यातून पाणी ठिबकलं तर आतला फोम भिजलाय. शिडं सावलीत नाही, उन्हात पसरून बघ. नवं शीड कोऱ्या नोटेसारखं करकरतं, उन्हानं जळलेलं मऊ धोतरासारखं होतं. शिवण नखानं ओढ. दोरा सहज तुटला तर पुन्हा शिवून घ्यावी लागेल, कापड फाटलं तर शीडच नवं लागेल. इंजिनाचं थोडक्यात सांगतो. पोचल्यावर आधी त्याला हात लाव, गरम असेल तर मालकानं तुला दाखवण्याआधी चालवून ठेवलंय. गार इंजिन तुझ्यासमोर सुरू करायला सांग आणि थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडते का बघ. एवढं पुरे. या बोटीला इंजिन बदलणं सोपं आहे.

मग पाण्यात उतरवायला लाव. मालक म्हणाला, "आज वारा नाही, पुढच्या वेळी बघू," तर पैसेही पुढच्या वेळी. डोलकाठी उभी करण्यापासून शिडं चढवेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळात मोज. दोघांना दीड तास लागत असेल तर लग्नकार्य, ड्यूटी, पाहुणे यांतून सुटणाऱ्या रविवारी तू जाणार नाहीस, मी बरेच जण बघितलेत. पाण्यावर दोन्ही बाजूंनी वारा घेऊन चालव, कील पूर्ण खाली आणि पूर्ण वर कर, सुकाणूला फार जोर लावावा लागतो का बघ, आणि परतल्यावर बुडाचा खळगा पूस आणि दोन तासांनी पुन्हा हात घाल. हात ओला झाला तर तो ओलावा कुठून येतो ते सापडेपर्यंत व्यवहार नको. गोव्यात फायबर बोटी बांधणारा एखादा कारागीर मिळाला तर त्याला दिवसाची मजुरी देऊन बरोबर घे. चार लाखांच्या व्यवहारात तो खर्च काहीच नाही.

कागद. गोव्यात बोटीची नोंद कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडं असते. ती विकणाऱ्याच्याच नावावर आहे का आणि इंजिन नंबर जुळतो का बघ. बोट परदेशातून आलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावती माग. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरलाही नोंदणी लागते, आणि तो गोव्यातून कर्नाटकात कायमचा येणार म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागेल. हिडकलच्या पाण्यात बोट घालायची तर पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आधी काढ, अर्ज कन्नडमध्ये दे. राकसकोपचा विचारही नको, ते आपल्या शहराचं पिण्याचं पाणी आहे. परवानगी मिळेल की नाही हे कळेपर्यंत बोट घेऊ नकोस, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. कारण अंगणात झाकून ठेवलेली बोट माणसाला आतून खाते.

आणि बोट आलीच, तर हे लक्षात ठेव. ट्रेलरवरच्या बोटीत डोलकाठी उभी केली की तिचं टोक जमिनीपासून नऊ-दहा मीटरवर जातं. आपल्या गावच्या रस्त्यावरच्या, धरणाकाठच्या शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा त्या उंचीच्या खालीच असतात. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तारा स्टीलच्या, बोट ओली, तुम्ही ओले. उच्च दाबाच्या तारेला चिकटावंही लागत नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. म्हणून डोलकाठी उभी करण्याआधी प्रत्येक वेळी, न चुकता, वर बघायचं आणि पाण्यापर्यंतची पूर्ण वाट चालून यायची. डोलकाठी उभी असताना ट्रेलर दहा पावलंही ओढायचा नाही. आणि पावसाळ्यात बोटीचं नाक थोडं वर करून बुडाचं बूच काढून ठेव. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात बूच बंद राहिलं तर बोट हौदासारखी भरते आणि ट्रेलर मोडतो. लाइफ जॅकेट अंगावर, केबिनमध्ये नाही.

किमतीचं : बाकी सगळं नीट निघालं आणि दोष फक्त बेअरिंग, टायर, तारा एवढ्यातच निघाले, तर त्यांचा खर्च कागदावर मांडून मालकासमोर ठेव आणि तेवढे कमी कर. त्याला राग आला तर येऊ दे.

रविवारी बाबांना घेऊन जा. वीस वर्षं भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या माणसाला हब, हूक, स्प्रिंगपाटा आणि वेल्डिंग यांतलं जेवढं कळतं तेवढं त्या मालकालाही कळत नसेल. त्यांना बोट दाखवायची म्हणून नेऊ नकोस, ट्रेलर तपासायला नेतोय असं सांग, आणि त्यांनी खालून मान बाहेर काढून "नको" म्हटलं तर वाद न घालता गाडीत बस. काट्याची पावती आणि तारांच्या टोकांचे भिंगातून काढलेले फोटो मला पाठव, मी बघून लगेच कळवतो.